मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमसाठी टीसीपी/आयपी स्टॅक निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी ऑपरेटिंग सिस्टिम बूट व्हायला लागली, डिस्क वाचता आली, शेल चालू झालं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता नेटवर्कचं काय करायचं? नेटवर्कवरून डेटा पाठवण्या-घेण्याचे नियम पाळणाऱ्या कोडला टीसीपी/आयपी स्टॅक म्हणतात; तो निवडण्याच्या टप्प्यावर आलेल्यांसाठी हे पान आहे. हौसेने कर्नल (सिस्टिमचा गाभा) लिहिणारे, जुन्या मुक्तस्रोत प्रकल्पात स्टॅक बदलू पाहणारे आणि एम्बेडेड बोर्डावर स्वतःची सिस्टिम चढवणारे, या तिघांचेही प्रश्न बरेचसे सारखेच असतात.

## वेळ नाही. कोणता घेऊ, तेवढं सांगा.

मायक्रोकंट्रोलर असेल आणि मेमरी किलोबाइटमध्ये मोजायची असेल, तर एलडब्ल्यूआयपी (lwIP) हा छोटा स्टॅक. सी भाषेतली, डेस्कटॉप किंवा सर्व्हरवर चालवायची सिस्टिम असेल आणि सोबत दोन-तीन अनुभवी माणसं असतील, तर फ्रीबीएसडी किंवा नेटबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमचा स्टॅक. तशी माणसं नसतील, तर तिथेही सुरुवात एलडब्ल्यूआयपीनेच करा. कर्नल रस्ट भाषेत असेल तर त्याच भाषेतला स्मोलटीसीपी (smoltcp). आणि शिकणं हाच हेतू असेल, तर स्वतः लिहा.

पण यातलं काहीही उचलण्याआधी एक गोष्ट ठरवा: पुढची पाच वर्षं मूळ प्रकल्पातल्या दुरुस्त्या तुमच्या झाडात (सोर्स कोडच्या प्रतीत) कोण आणणार? त्या माणसाचं नाव सांगता येत नसेल, तर वैशिष्ट्यांच्या तक्त्याला फारसा अर्थ उरत नाही. खालची बहुतेक उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात, कारण स्टॅक चालू करणं हे काही आठवड्यांचं काम आहे आणि तो ताजा ठेवणं कधीच न संपणारं.

## स्टॅक निवडायचा म्हणजे त्यात नेमकं काय काय येतं?

इथरनेट फ्रेम हातात आल्यापासून प्रोग्रामच्या सॉकेटमध्ये (नेटवर्कशी बोलण्याच्या त्याच्या खिडकीत) बाइट पोचेपर्यंतचं सगळं: एआरपी (आयपी पत्त्यावरून कार्डाचा पत्ता शोधणं), आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६, आयसीएमपी (चुकांचे निरोप), यूडीपी (पोच न घेता पाठवणं), टीसीपी (क्रमाने, खात्रीने पोचवणं), राउटिंग टेबल आणि सॉकेटचा थर. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर त्याच्या खाली राहतो. डीएचसीपी (पत्ता मिळवणं), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), टीएलएस (एन्क्रिप्शन) वर राहतात.

हा विचार करताना एक थर हमखास विसरला जातो, तो म्हणजे बफरचा. बीएसडीमध्ये (बर्कली विद्यापीठातल्या युनिक्समध्ये) एमबफ, लिनक्समध्ये एसके-बफ, एलडब्ल्यूआयपीमध्ये पीबफ. पॅकेट मेमरीत कसं ठेवायचं, त्याच्या पुढे हेडर चिकटवायला जागा कुठून आणायची, एकच डेटा दोघांनी वापरायचा असेल तर मोजदाद कशी ठेवायची, हे सगळं ही रचना ठरवते. ड्रायव्हरपासून फायरवॉलपर्यंत प्रत्येक जण तिला हात लावतो. म्हणून स्टॅक घेताना तुम्ही प्रत्यक्षात बफरची रचना घेत असता. टीसीपीचा अल्गोरिदम पुढे बदलता येतो. सगळ्या ड्रायव्हरमध्ये पसरलेली बफरची रचना बदलणं फार महागात पडतं.

## टीसीपी स्वतःच लिहिलं तर काय बिघडतं? आरएफसी तर सगळ्यांना वाचता येते.

लिहिता येतं, आणि पहिलं पान ब्राउझरमध्ये उघडेपर्यंतचा प्रवास फार आनंदाचा असतो. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा जाहीर दस्तऐवज; टीसीपीची आरएफसी ७९३ सप्टेंबर १९८१ मध्ये आली. तिच्यात जोडणीच्या ११ अवस्थांची आकृती आहे. ती समोर ठेवून लिहिलेलं टीसीपी शेजारच्या मशीनशी बोलू लागतं.

अडचण त्यानंतर सुरू होते. ७९३ मध्ये गर्दी-नियंत्रण (नेटवर्क तुंबलं की वेग कमी करणं) नाहीच. ते आज आरएफसी ५६८१ मध्ये आहे. पुन्हा पाठवण्याच्या टायमरचं गणित ६२९८ मध्ये, विंडो स्केलिंग (पोचेची वाट न पाहता पाठवता येणाऱ्या डेटाची मर्यादा वाढवणं) आणि टाइमस्टँप ७३२३ मध्ये, निवडक पोच म्हणजे सॅक (मधलं कोणतं पॅकेट मिळालं ते कळवणं) आरएफसी २०१८ मध्ये. जोडणीचा सुरुवातीचा क्रमांक ७९३ नुसार दर चार मायक्रोसेकंदांनी एकने वाढणाऱ्या घड्याळावरून घ्यायचा होता. त्यातून तो क्रमांक बाहेरच्याला ओळखता येऊ लागला, म्हणून ६५२८ ने त्यात गुप्त किल्लीवरचा हॅश मिसळायला सांगितलं. ऑगस्ट २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ ने ७९३ ची जागा घेतली आणि चाळीस वर्षांत साचलेल्या दुरुस्त्या एका जागी आल्या. आज कोणी स्वतः लिहायला बसत असेल तर ७९३ बाजूला ठेवून थेट ९२९३ उघडावी.

तरीही आरएफसी जे सांगत नाही ते खूप उरतं. एक उदाहरण बघा. चालू जोडणीत खोटी पॅकेटं घुसवता येऊ नयेत म्हणून आरएफसी ५९६१ ने 'चॅलेंज एसीके' (संशयास्पद पॅकेट आलं की समोरच्याकडून खात्री करून घेणारी पोच) सुचवलं आणि त्यांच्या संख्येवर मर्यादा ठेवायला सांगितलं. लिनक्सने ती मर्यादा संपूर्ण मशीनसाठी एकच ठेवली, सेकंदाला १००. २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, की ही सामाईक मोजणीच बाहेरच्या माणसाला दोन अनोळखी मशीनमधली जोडणी ओळखायला पुरते. संरक्षणासाठी लिहिलेल्या कोडमधूनच वाट निघाली, आणि तीही जगात सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या स्टॅकमध्ये. ज्याचा कोड दोनच माणसं वाचतात, त्याला अशा चुका सापडायला फार वेळ लागतो.

यशस्वीपणे स्वतः लिहिणारेही आहेत. लिनक्सने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःचा स्टॅक लिहिला; त्याच काळात, १९९२ ते १९९४, बीएसडीच्या कोडवर न्यायालयीन वादाचं सावट होतं. हायकू या डेस्कटॉप सिस्टिमचा स्टॅक स्वतःचा आहे. सेरेनिटीओएस या हौशी सिस्टिमचाही. एम्बेडेड यंत्रांसाठीच्या झेफरने आधी मायक्रोआयपी (uIP) हा अगदी छोटा स्टॅक वापरून पाहिला आणि मग स्वतःचा लिहिला. या प्रकल्पांत समान गोष्ट एकच: लिहिणारे नंतरही तिथे राहिले, किंवा त्यांची जागा घेणारे आले.

## तयार पर्यायांत खरोखर विचार करण्यासारखे कोणते?

बीएसडी घराणं सर्वांत जुनं. १९८३ च्या ४.२बीएसडीपासून ते सलग चालत आलं आहे आणि सॉकेट ही कल्पनाही तिथलीच. आज फ्रीबीएसडी, नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी या तिघांचे स्टॅक एकाच मुळातून फुटलेले असले तरी स्वभावाने वेगळे आहेत. वेग आणि अनेक कोअरवर पसरण्याची क्षमता हवी तर फ्रीबीएसडी. कोड वाचून समजून घ्यायचा असेल तर मी ओपनबीएसडी उघडतो. आणि दुसऱ्या सिस्टिममध्ये रोवण्यासाठी नेटबीएसडी, कारण त्यांच्या रंप कर्नलमुळे ड्रायव्हर आणि टीसीपी/आयपी कर्नलपासून सुटे काढून युजरस्पेसमध्येही (कर्नलबाहेर, साध्या प्रोग्रामसारखे) चालवता येतात. ही सोय व्हायला हवी तितकी माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

एलडब्ल्यूआयपी स्वीडिश इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर सायन्समध्ये अ‍ॅडम डंकेल्स यांनी सुरू केला. काही दहा किलोबाइट रॅम आणि सुमारे ४० किलोबाइट कोड-मेमरी असलेल्या यंत्रासाठी तो बेतलेला आहे. मायक्रोआयपी त्यांचाच, त्याहून कितीतरी लहान. पण एका जोडणीवर एका वेळी एकच न पोचवलेलं पॅकेट ठेवतो. आज नव्या सिस्टिमसाठी तो निवडण्याचं कारण मला दिसत नाही.

स्मोलटीसीपी रस्टमधला, हीपशिवाय (चालू असताना मेमरी मागून न घेता) चालणारा. जीव्हायझर या सँडबॉक्समधला (प्रोग्राम वेगळे कोंडून चालवणाऱ्या साधनातला) नेटस्टॅक गो भाषेतला आहे. तुमच्या सिस्टिमवर गो चालत असेल तरच त्याचा विचार करा. पिकोटीसीपी नीटनेटका आहे, पण त्याचा परवाना जीपीएल (जोडलेला कोडही त्याच अटींवर वाटायला लावणारा) असल्यामुळे बरेच जण तिथेच थांबतात. फ्रीआरटीओएस-प्लस-टीसीपी त्याच्या स्वतःच्या आरटीओएसवर (वेळेचं काटेकोर बंधन असलेल्या यंत्रांच्या सिस्टिमवर) उत्तम चालतो. तिथून उचलून दुसरीकडे न्यायचा असेल तर तितकेच कष्ट एलडब्ल्यूआयपीवर घेतलेले बरे.

## लिनक्सचा स्टॅक सगळ्यांत चांगला आहे, मग तोच का उचलू नये?

कारण तो लिनक्सपासून सुटत नाही. एसके-बफ, आरसीयू, नॅपी, सॉफ्टआयआरक्यू, प्रत्येक कोअरसाठीचे वेगळे व्हेरिएबल, नेटवर्क नेमस्पेस या लिनक्सच्या आतल्या सगळ्या यंत्रणांवर तो उभा आहे. शिवाय कर्नलच्या आतले इंटरफेस स्थिर ठेवण्याचं लिनक्स मुद्दामच नाकारतं. त्यामुळे आज केलेलं जोडकाम पुढच्या आवृत्तीला बसेलच असं नाही.

ग्नू हर्ड या सिस्टिमचा अनुभव बोलका आहे. त्यांचा पीएफइनेट हा स्टॅक लिनक्स २.२ च्या काळातल्या कोडवरून केलेला. तो चालला, अनेक वर्षं उपयोगी पडला, पण लिनक्स पुढे गेलं आणि पीएफइनेट त्याच काळात राहिला. नंतर हर्डसाठी एलडब्ल्यूआयपीवर आधारित पर्यायही तयार करण्यात आला. जेनोड या सिस्टिम बांधण्याच्या चौकटीने वेगळा मार्ग घेतला: लिनक्सचा कोड न बदलता त्याच्याभोवती लिनक्ससारखं वातावरण उभं करायचं आणि नवी आवृत्ती आली की ते वातावरण जुळवून घ्यायचं. काम मोठं आहे, पण दिशा बरोबर आहे. तेवढं मनुष्यबळ असेल तर हाच रस्ता घ्या. मूळ फायली हाताने बदलत बसू नका.

## बीएसडीचा स्टॅक पोर्ट करायला कितपत कठीण?

लिनक्सपेक्षा सोपा, वाटतो त्यापेक्षा कठीण. एमबफ, टायमरसाठी कॉलआउट, टास्कक्यू, कर्नलचे लॉक, मेमरीचे झोन आणि फ्रीबीएसडीच्या नव्या आवृत्त्यांत इपॉक (कोणी वाचत असताना मेमरी सोडली जाऊ नये म्हणूनची यंत्रणा), एवढ्या गोष्टी तुमच्या कर्नलमध्ये त्याच अर्थाने उपलब्ध करून द्याव्या लागतात. 'त्याच अर्थाने' हे महत्त्वाचं. कॉलआउट रद्द केल्यावर तो दुसऱ्या कोअरवर आधीच चालू झालेला असेल तर काय होतं, हे तंतोतंत जुळलं नाही, तर महिन्यातून एकदा येणारा आणि कधीच पकडता न येणारा क्रॅश तुमच्या वाट्याला येतो.

आरटीईएमएस या आरटीओएसने हे काम कसं केलं ते प्रत्येकाने बघण्यासारखं आहे. त्यांच्या लिबबीएसडीमध्ये फ्रीबीएसडीच्या फायली मूळ रचनेतच ठेवल्या जातात, स्वतःचा प्रत्येक बदल आरटीईएमएसच्या खुणेने वेगळा करून ठेवतात, आणि दोन्ही बाजूंमध्ये फायली नेण्या-आणण्यासाठी स्क्रिप्ट आहे. आपलं काय आणि त्यांचं काय, हे एका नजरेत दिसतं. व्हर्च्युअल मशीनसाठीच्या ओएसव्हीने फ्रीबीएसडीचाच स्टॅक घेतला, पण आपल्या वेगासाठी त्याच्या आतल्या लॉकच्या रचनेत बदल केले. त्यांचा हेतू वेगळा होता आणि त्या हेतूसाठी ते योग्यही होतं. मात्र असं केल्यावर मूळ प्रकल्पातला प्रत्येक पॅच हाताने बसवावा लागतो.

माझा आग्रह एवढाच: आयात केलेल्या फायलींच्या डिरेक्टरीत स्वतःची एकही नवी फाइल ठेवू नका. जोडकाम वेगळ्या डिरेक्टरीत. आयात ही स्वतंत्र कमिट, मूळ आवृत्तीचा हॅश कमिटच्या संदेशात. बदल अटळ असेल तर आधी मूळ प्रकल्पाला पॅच पाठवा. तो स्वीकारला गेला तर तुमच्यावरचा तेवढा भार कायमचा गेला.

## एलडब्ल्यूआयपी डेस्कटॉपवर चालेल का? आमच्याकडे वेग फारच कमी येतो.

चालतो. विंडोजचे प्रोग्राम चालवू पाहणारं रिॲक्टओएस तोच वापरतं. वेगाच्या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा त्याचे मूळ आकडेच असतात, जे कोणी बदललेले नसतात.

कुठलीही फाइल न बदलता घेतलेल्या एलडब्ल्यूआयपीमध्ये एमएसएस (एका पॅकेटातला जास्तीत जास्त डेटा) ५३६ बाइट आणि स्वीकारण्याची विंडो त्याच्या चौपट, म्हणजे २१४४ बाइट असते. एका फेरीत (डेटा जाऊन पोच परत येईपर्यंत) विंडोएवढाच डेटा येऊ शकतो. फेरीला १०० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला दहा फेऱ्या, म्हणजे २१,४४० बाइट, म्हणजे जेमतेम १७१ किलोबिट. केबल गिगाबिटची असली तरी तेवढंच. एमएसएस १४६० केला आणि विंडो स्केलिंगशिवाय जाता येतं तिथपर्यंत, ६५,५३५ बाइटपर्यंत नेली, तर त्याच अंतरावर ५.२ मेगाबिट मिळतात. एक गिगाबिट पूर्ण वापरायचं तर साडेबारा मेगाबाइटची विंडो लागते आणि त्यासाठी विंडो स्केलिंग चालू करावं लागतं. ते एलडब्ल्यूआयपीमध्ये आहे, पण मुद्दाम चालू करावं लागतं, आणि पीबफचा साठाही त्या मानाने वाढवावा लागतो.

आकडे बदलूनही दोन मर्यादा उरतात. पहिली, गर्दी-नियंत्रण जुन्या रेनो पद्धतीच्या (पॅकेट हरवलं की वेग निम्मा करणाऱ्या) वळणाचं आहे आणि समोरून आलेल्या सॅकचा उपयोग करून नेमकं हरवलेलं तेवढंच पुन्हा पाठवणं त्यात नाही, २.१ पासून सॅक बाहेर पाठवता मात्र येतो. पॅकेटं गळणाऱ्या वायरलेस जोडणीवरून मोठ्या फायली पाठवताना हा फरक जाणवतो. दुसरी मर्यादा थ्रेडची. त्याचा गाभा एका वेळी एकाच थ्रेडने वापरायचा आहे. 'रॉ' इंटरफेस (सॉकेटशिवाय, कॉलबॅकने गाभ्याशी थेट बोलण्याचा) इतर थ्रेडमधून थेट बोलावणं ही या स्टॅकवरची सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. काम एलडब्ल्यूआयपीच्या स्वतःच्या टीसीपीआयपी थ्रेडकडे सोपवा किंवा गाभ्याचा लॉक घ्या. सोळा कोअरच्या सर्व्हरला हा एकच लॉक अडवणार, यात शंका नाही. ब्राउझर, पॅकेज मॅनेजर आणि एसएसएच चालवणाऱ्या डेस्कटॉपला सहसा अडवत नाही.

## परवान्याचं कसं बघायचं?

मी वकील नाही, पण काही गोष्टी स्पष्ट आहेत. तुमची सिस्टिम बीएसडी किंवा एमआयटी परवान्याखाली असेल आणि जीपीएलचा स्टॅक कर्नलमध्ये जोडलात, तर ते संपूर्ण कर्नल जीपीएलच्या अटींवरच वाटावं लागतं. उलट दिशेला अडचण नाही. तुमचं कर्नल केवळ जीपीएल २ वर असेल, तर अपाचे २.० खालचा कोड त्यात चालत नाही; जीपीएल ३ मध्ये चालतो.

एलडब्ल्यूआयपी बीएसडी परवान्याखाली आहे, स्मोलटीसीपी झीरो-क्लॉज बीएसडीखाली. बीएसडीच्या जुन्या फायलींत कधी कधी एक जास्तीचं, जाहिरातीचं (जाहिरातीत मूळ लेखकांचा उल्लेख करायला लावणारं) कलम दिसतं. बर्कली विद्यापीठाने ते जुलै १९९९ मध्ये मागे घेतलं, पण फक्त स्वतःच्या हक्काच्या कोडपुरतं; त्याच फाइलवर दुसऱ्या कोणाचा हक्क असेल तर ते कलम अजून जिवंत असू शकतं. म्हणून प्रत्येक फाइलचं डोकं वाचा. आणि मूळ लेखकांची नावं काढू नका. तो परवान्याचा भाग आहेच, पण त्यापलीकडे, ज्यांच्या कामावर आपण उभे आहोत त्यांची ती नोंद आहे.

## स्टॅक कर्नलमध्ये ठेवावा की युजरस्पेसमध्ये?

मायक्रोकर्नल (बहुतेक कामं बाहेरच्या प्रोसेसकडे सोपवणारं लहान कर्नल) असेल तर प्रश्न सुटलेलाच आहे. रस्टमधलं रेडॉक्स स्मोलटीसीपी एका डीमनमध्ये (पार्श्वभूमीतल्या प्रोसेसमध्ये) चालवतं, मिनिक्स ३ आणि गूगलचं फ्युशाही स्टॅक वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवतात. फायदा सुरक्षिततेचा: पॅकेट वाचणाऱ्या कोडमध्ये चूक सापडली तरी हल्लेखोराच्या हाती एक प्रोसेस लागते, पूर्ण कर्नल नाही. स्टॅक पडला तर पुन्हा सुरू करता येतो. चालू जोडण्या तुटतात, पण मशीन उभं राहतं.

किंमत आहे. प्रत्येक पॅकेटसाठी ड्रायव्हर, स्टॅक आणि अ‍ॅप यांच्यात संदेश पाठवलात तर वेग कोसळतो. सामाईक मेमरीतल्या रिंगमधून पॅकेटांचे गठ्ठे द्या-घ्या, म्हणजे हा खर्च बराच कमी होतो. फॉर्क केल्यावर (प्रोसेसची प्रत काढल्यावर) सॉकेट दोन प्रोसेसमध्ये वाटला जातो, सिलेक्ट आणि पोल एकाच वेळी फाइल आणि सॉकेटवर थांबतात, या पोसिक्सच्या (युनिक्सच्या प्रमाणित इंटरफेसच्या) जुन्या सवयी वेगळ्या प्रोसेसमधल्या स्टॅकवर उभ्या करणं हेच खरं अवघड काम आहे. तुमचे प्रोग्राम बाहेरून पोर्ट करून आणणार असाल तर त्याचा अंदाज आधी घ्या.

मोनोलिथिक (सगळं आतच ठेवणारं) कर्नल असेल तरीही सुरुवातीला स्टॅक साध्या प्रोसेसमध्ये चालवून पाहा. डीबगर लावता येतो, मेमरी तपासणारी साधनं वापरता येतात. एकदा स्थिरावला की आत न्या.

## आयपीव्ही६ नंतर घातलं तर चालेल ना?

नाही. नंतर म्हणजे सॉकेटचा पत्ता, राउटिंग टेबल, डीएनएस, कॉन्फिगरेशनच्या फायली, सगळं पुन्हा उघडणं. आज निवडताना आयपीव्ही६ नसलेला स्टॅक यादीतून काढूनच टाका.

बीएसडी घराण्यात आयपीव्ही६ आलं ते जपानमधल्या कामे प्रकल्पामुळे. १९९८ ते २००६ अशी आठ वर्षं अनेक कंपन्यांच्या अभियंत्यांनी एकत्र बसून हा कोड लिहिला आणि तो फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी तिन्हीकडे गेला. लिनक्ससाठी तसंच काम उसागी प्रकल्पाने केलं. आजही त्या फायली वाचताना त्यांची शिस्त दिसते.

स्टॅकची प्रत किती जुनी आहे हे ओळखायलाही आयपीव्ही६ उपयोगी पडतं. टाइप शून्य राउटिंग हेडर (पॅकेटने कोणत्या मशीनमधून जायचं ते पाठवणाऱ्याने ठरवण्याची सोय) अजून पाळलं जातं का? ते २००७ मध्ये आरएफसी ५०९५ ने बंद केलं. पॅकेटचे एकमेकांवर चढलेले तुकडे जोडले जातात का? २००९ च्या ५७२२ नुसार ते टाकून द्यायचे आहेत. ही दोन पॅकेटं पाठवून पाहिली, तरी मूळ प्रकल्पाकडे शेवटचं कधी पाहिलं होतं ते कळून येतं.

## सुरक्षेच्या दृष्टीने कोणता स्टॅक चांगला?

चुका सगळीकडे सापडल्या आहेत. जून २०१९ मध्ये जाहीर झालेल्या 'सॅक पॅनिक'मध्ये मुद्दाम रचलेल्या सॅकच्या मालिकेने लिनक्सचं मशीन दुरून पाडता येत होतं, आणि ती चूक २.६.२९ पासून, म्हणजे दहा वर्षं तिथे होती. डिसेंबर २०२० मध्ये 'अ‍ॅम्नेशिया:३३' या नावाने ३३ त्रुटी बाहेर आल्या, चार मुक्तस्रोत स्टॅकमध्ये: मायक्रोआयपी, एफनेट, पिकोटीसीपी आणि नट/नेट. त्याच संशोधनात एलडब्ल्यूआयपीही तपासला होता. त्यात नवं काही सापडलं नाही.

मला या दोन घटनांतला फरक महत्त्वाचा वाटतो. लिनक्सची चूक गंभीर होती, पण दुरुस्ती जाहीर झाली आणि वितरणांमधून लोकांपर्यंत पोचली. मायक्रोआयपीच्या प्रती मात्र असंख्य उपकरणांत कॉपी होऊन, नाव बदलून, थोडं-थोडं बदलून पसरल्या होत्या. आपल्या उत्पादनात तो कोड आहे हेच अनेकांना माहीत नव्हतं, मग दुरुस्ती कोण लावणार? म्हणून स्टॅक तपासताना त्रुटींची संख्या मोजू नका. शेवटची त्रुटी कळल्यापासून दुरुस्ती यायला किती दिवस लागले, ती कळवण्यासाठी खाजगी पत्ता आहे का, आणि ती दुरुस्ती तुमच्या झाडात आणायला तुम्हाला किती वेळ लागेल, हे बघा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'एक दिवस' असायला हवं.

## रस्टमधला स्टॅक घेतला की हे प्रश्न संपतात?

बफरच्या बाहेर वाचणं-लिहिणं, सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरणं, हा मोठा वर्ग संपतो आणि ते फार मोलाचं आहे. बाहेरून आलेले अविश्वासू बाइट वाचणारा कोड सुरक्षित भाषेत असावा असं मला मनापासून वाटतं. पण चॅलेंज एसीकेची गोष्ट आठवा: ती चूक मेमरीची नव्हती, विचाराची होती.

स्मोलटीसीपी घेताना त्याचा स्वभाव समजून घ्या. तो स्वतःहून काही करत नाही. तुम्ही पोल करता तेव्हा पुढे सरकतो. बफर तुम्ही पुरवता. ऐकणारा सॉकेट जोडणी आली की स्वतःच ती जोडणी बनतो, रांग नाही. वेब सर्व्हरला अपेक्षित असलेलं लिसन आणि अ‍ॅक्सेप्ट हवं असेल तर तो थर तुम्हाला लिहावा लागतो. फ्युशासाठी रस्टमध्ये लिहिलेला नेटस्टॅक३ जास्त परिपूर्ण आहे, मात्र तो त्या सिस्टिमच्या गरजांभोवती वाढला आहे.

## वेगाची तुलना कशी करावी?

लूपबॅकवरचा (मशीन स्वतःशीच बोलतानाचा) आयपर्फ या वेगमापकाचा आकडा बघून निवड करू नका. त्यात गळती नाही, उशीर नाही, खरं कार्ड नाही.

१० गिगाबिटवर १५०० बाइटची पॅकेटं सेकंदाला सुमारे ८ लाख १२ हजार येतात. प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा मायक्रोसेकंद. तेवढ्यात एक-दोन वेळा मुख्य मेमरीतून डेटा कॉपी केला, एक गर्दीचा लॉक घेतला, की वेळ संपली. त्यामुळे या पातळीवर स्टॅकपेक्षा कार्डाच्या सोयी तुम्ही किती वापरता हे ठरवतं: चेकसम कार्डाकडे देणं, मोठा तुकडा एकदम देऊन कार्डाकडून कापून घेणं, अनेक रांगा वेगवेगळ्या कोअरवर पाठवणं. या सोयी बीएसडीच्या स्टॅकमध्ये तयार आहेत. एक गिगाबिटच्या आत राहायचं असेल तर आधी कॉपी कमी करा, बाकीचं नंतर.

## वायफायचं काय?

ते वेगळं जग आहे. ८०२.११ या वायफायच्या मानकाचा थर आणि फर्मवेअर चढवणारे ड्रायव्हर नव्याने लिहिणं लहान टीमच्या आवाक्याबाहेरचं आहे. हायकूने स्टॅक स्वतःचा ठेवला, पण ड्रायव्हर फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीचे सुसंगतता-थरातून घेतले. तोच शहाणा मार्ग. पासवर्डच्या वाटाघाटीसाठी डब्ल्यूपीए-सप्लिकंट आहे, बीएसडी परवान्याखाली.

## डीएचसीपीही लिहावं लागेल?

नाही. डीएचसीपीसाठी डीएचसीपीसीडी हा तयार क्लायंट घ्या. आयएससीच्या जुन्या क्लायंटकडे वळू नका, त्याची देखभाल २०२२ मध्ये थांबली.

## क्विक आलं आहे, मग टीसीपीवर इतकी मेहनत कशाला?

क्विक हा टीसीपीसारखंच काम करणारा नवा प्रोटोकॉल, म्हणजे मे २०२१ ची आरएफसी ९०००. ते यूडीपीवर चालतं आणि बहुतेक ठिकाणी अ‍ॅपसोबतच्या लायब्ररीत असतं. एनजीटीसीपी२, क्विन, एमएसक्विक अशा बऱ्याच आहेत. तुमच्या स्टॅकने त्यांना चांगलं यूडीपी द्यायचं: ईसीएनचे (गर्दीची सूचना देणारे) बिट वाचता-लिहिता यावेत, तुकडे न करण्याची खूण लावता यावी, स्वीकारण्याचा बफर मोठा करता यावा, एका कॉलमध्ये अनेक डेटाग्राम पाठवता यावेत. लहान स्टॅकमध्ये नेमकं हेच राहून जातं. पण एसएसएच, गिट, डेटाबेस, मेल हे सगळं टीसीपीवरच आहे. ती मेहनत टळत नाही.

## निवडलेला स्टॅक नीट बसला आहे हे कसं तपासायचं?

पॅकेटड्रिल हे साधन सर्वांत आधी शिका. कोणतं पॅकेट कधी आलं आणि उत्तर काय, किती वेळात यायला हवं, हे स्क्रिप्टमध्ये लिहायचं. ते पडताळून सांगतं. टायमरच्या जोडकामातल्या चुका इथे लगेच उघड्या पडतात.

मग मध्ये एक लिनक्स मशीन ठेवून त्यातल्या नेटएम या साधनाने उशीर आणि गळती घाला. १०० मिलिसेकंद आणि एक टक्का गळतीवर रेनो पद्धतीच्या एका जोडणीला साधारण एक ते दीड मेगाबिट मिळायला हवेत. दहापट कमी मिळत असेल तर पुन्हा पाठवण्याच्या टायमरमध्ये गडबड आहे, बहुधा तुमच्या कर्नलचं घड्याळ वेगळ्या एककात वेळ देतं आहे. पॅकेटांचा क्रम उलटसुलट करून पाहा. विंडो शून्य करून दहा मिनिटं थांबा आणि जोडणी पुन्हा जिवंत होते का ते पाहा. केबल काढून परत लावा. हे सगळं टीसीपीडंप या पॅकेट नोंदवणाऱ्या साधनाने नोंदवून ठेवा.

आणि पॅकेट वाचणाऱ्या फंक्शनांवर फझर (वेडावाकडा डेटा देऊन चुका शोधणारं साधन) रात्रभर नाही, कायम चालू ठेवा. नवी आयात आली की या सगळ्या चाचण्या आपोआप चालल्या पाहिजेत. त्या नसतील तर नवी आवृत्ती घ्यायची भीती वाटते, भीती वाटली की आयात पुढे ढकलली जाते, आणि दोन वर्षांनी तुमच्याकडे स्वतःचा, कोणीच न सांभाळणारा फोर्क (मूळापासून तुटलेली प्रत) असतो.

## निवड चुकली तर पुढे बदलता येते का?

येते. रिॲक्टओएसने जुना बीएसडीवरून आलेला कोड काढून एलडब्ल्यूआयपी आणला, मिनिक्स ३ नेही स्वतःचा आयनेट सर्व्हर सोडून तोच घेतला, आणि झेफरचं वर आलंच आहे. ड्रायव्हरला स्टॅकच्या बफरची रचना थेट दाखवू नका, मध्ये तुमची स्वतःची छोटी रचना ठेवा. वर अ‍ॅपना फक्त सॉकेटचे कॉल दिसू द्या. एलडब्ल्यूआयपीचा कॉलबॅक इंटरफेस कितीही सोयीचा वाटला तरी तो अ‍ॅपपर्यंत जाऊ देऊ नका. या दोन सीमांमधला कोड बदलायला एखादा उन्हाळा पुरतो. सीमाच नसतील तर स्टॅकसोबत प्रत्येक ड्रायव्हर आणि प्रत्येक प्रोग्राम उघडावा लागतो.